विसाव्याचे देणे

विश्रांती घेणे योग्य की अयोग्य असे कोणी विचारले तर ऐकणारा हसेल. बैलाच्या मानेवरचे जू दुपारी उतरवतातच. जमीनही एखादा हंगाम पड ठेवली तर पुढच्या साली भरभरून देते. पंढरीची वाट चालणाऱ्या पालखीलाही ठरलेल्या विसाव्याच्या जागा आहेत. तेथे वारकरी झाडाखाली पाठ टेकतो, घोटभर पाणी पितो आणि पुन्हा टाळ हाती घेतो. विसाव्यावाचून वाटचाल होत नाही, हे सर्वांना मान्य आहे. त्याविषयी लिहिण्याचे कारण नाही. परंतु विश्रांतीच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. आपण जो विसावा घेतो तो कोणाच्या जिवावर घेतो, आणि ते कळून आल्यावर माणसाने काय करावे? हा प्रश्न आम्हाला ग्रंथात भेटला नाही. तो एका मध्यरात्री गोठ्याच्या दाराशी भेटला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो, आणि तिच्यावरून जे सुचले तेही ठेवतो. पटेल तेवढे घ्यावे.

काही वर्षांपूर्वी कोजागरी पौर्णिमा शनिवारी आली होती. आम्ही चौघे मित्र, शाळेच्या बाकापासूनचा स्नेह. एक वकील, एक किराणा दुकानदार, एक इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि चौथे आम्ही, कागद काळे करणारे. चौघांचीही साठी उलटलेली. पावसाळाभर ‘भेटू, भेटू’ म्हणत होतो आणि कोणाचे ना कोणाचे अडत होते. शेवटी वकिलाने मनावर घेतले. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुळशीच्या बाजूला, धरणाच्या पाण्यापासून थोड्या अंतरावर जमीन घेऊन ठेवली होती. तीवर जुने घर होते. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले, वर कौले. नव्या मालकांनी ते पाडले नाही. शहरातल्या माणसाला हल्ली असलेच घर आवडते, हे त्यांनी ओळखले होते. दोन रात्रींचे ३००० रुपये ठरले आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघालो.

पौड मागे पडले तसे खिशातले फोन एकेक करून मुके झाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे पिवळी पडत चाललेली. डोंगराच्या उतारावर सोनकी फुललेली. पाऊस जाऊन आठवडा झाला असेल. शरद ऋतूत ओढ्याचे पाणी आपोआप निवळते, कोणी ते गाळीत नाही. गाळ आपला आपण तळाशी बसतो. मनाचेही तसेच होत असावे. तासाभराच्या वाटेत आमचा वकील, जो एरवी दर वाक्याला हरकत घेतो, एकही हरकत न घेता खिडकीबाहेर पाहत बसला होता.

घर राखावयास एक म्हातारे जोडपे होते. बाबा सत्तरीच्या घरातले, मावशी थोड्या लहान. त्यांनी हातपाय धुवायला ऊन पाणी काढून ठेवले होते. घराला दोन खोल्या. डावीकडच्या खोलीला कुलूप होते, ती मालकांची. उजवीकडच्या खोलीत आमच्यासाठी चार गोधड्या अंथरल्या होत्या. भिंतीत खुंट्या, एका खुंटीवर लुगडे, एका कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक, देवळीत विठोबाची तसबीर. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, “काय साधेपणा आहे बघ! एक वस्तू जास्त नाही.” आम्हीही मान डोलावली.

ती रात्र फार सुखाची गेली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चुलीवरची तांदळाची भाकरी, कारळ्याची चटणी आणि आमटी. पडवीत बसून आम्ही पन्नास वर्षांपूर्वीचे मार खाल्लेले दिवस आठवून हसलो. दोन मित्रांत एका जुन्या देण्याघेण्यावरून अढी होती, ती त्या रात्री बोलून निघून गेली. घरी, दिवाणखान्यात ती कधी निघाली नसती. म्हणून मित्रांची अशी भेट ही चैन आहे असे आम्ही म्हणणार नाही. जेथे घड्याळ नाही तेथेच काही गोष्टी बोलता येतात. बोलता बोलता मास्तर म्हणाले, “माणसाला लागतं किती रे? एक चूल, एक कांबळं, चार मित्र.” वकील म्हणाला, “सगळं विकावं आणि इथं येऊन राहावं.” आणि आमच्यापैकी कोणीतरी, बहुधा आम्हीच, बाबांना म्हणालो, “बाबा, भाग्यवान तुम्ही!” बाबा हसले आणि सरपण आणायला उठून गेले.

रात्री दोनच्या सुमारास आम्ही बाहेर जावयास उठलो. चांदणे इतके होते की बॅटरी लावावी लागली नाही. दव पडून अंगण ओले झाले होते. दूर खाचराकडून डबा बडवल्याचा आवाज आला. मग कोणीतरी ‘हो हो हो’ करून ओरडले. आवाज बाबांचा होता. भात पोसू लागले की रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत शेत तुडवून जातात. म्हणून बाबा मचाणावर जागत होते. परत येताना गोठ्यातून खोकला ऐकू आला. शेळ्यांच्या दाव्यांपलीकडे, पेंढ्यावर गोणपाट टाकून, घोंगडीत मुटकुळे करून मावशी निजल्या होत्या. चाहुलीने उठल्या, पदर सावरला.

“काय पायजे का?”

“मावशी, तुम्ही इथं?”

“मग कुटं? खोली तुमास्नी दिली न्हवं?”

एवढेच बोलणे झाले. आम्ही खोलीत परत आलो. खुंटीवरचे लुगडे तेथेच होते. ते मावशींचे होते. ट्रंक त्यांची होती, विठोबा त्यांचा होता, आणि ज्या गोधडीवर आम्ही पडलो होतो ती त्यांच्या हातची होती. ज्याला आम्ही संध्याकाळी ‘साधेपणा’ म्हटले तो एका घरातला सारा संसार होता, आणि त्यात घुसून आम्ही तो बाहेर दवात काढला होता. पुढे झोप लागली नाही.

सकाळी पडवीत चहा घेताना ही गोष्ट मित्रांना सांगितली. वाद झाला. तो वाद येथे सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण असाच वाद आपल्या प्रत्येकाच्या मनात केव्हा ना केव्हा होतो.

वकील म्हणाला, “हे बघ, वाईट वाटणं वेगळं आणि चूक करणं वेगळं. आपला व्यवहार मालकाशी झाला. खोली कोणाची, कोण कुठं निजतं, हे त्यानं बघायचं. आपण जाणूनबुजून काही केलं नाही.” या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. न कळत झालेल्या गोष्टीचा दोष माणसाला कसा लावावा? शुक्रवारी रात्री आम्ही निर्दोष होतो, हे कबूल. परंतु शनिवारी सकाळी आम्हाला कळले होते. अज्ञान हे कालपर्यंतचे निमित्त झाले. आजच्या रात्रीला ते चालत नाही.

दुकानदार एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, “माझ्या वहीत हे बसत नाही. पैसे मालकाच्या खात्यावर पडले आणि जागा दिली बाबांनी. नोंद चुकीच्या नावावर झालीय.” मग तो उठून बाबांकडे गेला. बाबा मचाणावरून येऊन नुकतेच चुलीपाशी बसले होते. दुकानदाराने विचारले, “बाबा, पाहुणे आले की तुम्हाला वेगळं काही मिळतं का?”

“पगार हाय की.”

“पण पाहुणे आले की खोली सोडायची, हे पगारात ठरलंय?”

बाबांना त्या प्रश्नाची गंमत वाटली. “ठरायचं काय त्यात? मालक म्हनलं, पावनं येनार. न्हाय कसं म्हनायचं?”

वाचकहो, आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका उत्तरात आहे. बाबांनी ‘हो’ म्हटले होते, यात शंका नाही. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती, कोणी रागावले नव्हते. परंतु होकाराला किंमत केव्हा? नकार देण्याची मोकळीक असेल तेव्हा. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’वर आपण आपली मनःशांती टेकवून बसतो, ती जागा पोकळ असते. आपल्या घरी भांडी घासणारी बाई, दुकानातला पोऱ्या, हाताखालचा कारकून, यांचे किती होकार आपण रोज घेतो! ‘त्यांना विचारलं, ते हो म्हणाले’, एवढे म्हटले की आपले काम संपते. विचारण्याच्या आधी स्वतःला विचारावे: हा माणूस ‘नाही’ म्हणाला तर त्याचे काही बिघडेल का? बिघडणार असेल तर त्याचा होकार घेऊन थांबता येत नाही. त्याच्या वतीने त्याचा नकारही आपणच मनात ऐकावा लागतो.

मास्तर सकाळपासून उदास होते. त्याचे कारण निराळेच निघाले. हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकेतला एकोणिसाव्या शतकातला लेखक त्यांचा फार आवडता. गांधीजींनी ज्याचा कायदेभंगावरचा निबंध वाचला होता तोच हा थोरो. मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. त्याच्या काठी, आपला मित्र इमर्सन याच्या जागेत, थोरोने स्वतःच्या हाताने एक खोपटे उभारले. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. माणसाला जगावयास खरोखर किती लागते याचा त्याला शोध घ्यायचा होता. घराचा खर्च त्याने पै-पैने लिहून ठेवला आहे: २८ डॉलर साडेबारा सेंट. पुढे १८५४ साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि खोपटातल्या साध्या जीवनाची ओढ असणाऱ्या जगभरच्या लोकांना ते जवळचे झाले.

मास्तर म्हणाले, “त्या खोपटाच्या फळ्या कुठून आल्या ठाऊक आहे? आगगाडीच्या रस्त्यावर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्यानं विकत घेतली, चार डॉलर पंचवीस सेंटला, फळ्यांसाठी. मजुरानं दुसऱ्या दिवशी पहाटे जागा सोडायची असं ठरलं. सकाळी सहाला ते कुटुंब त्याला वाटेत भेटलं. सगळा संसार एका गाठोड्यात. मांजर तेवढं मागं राहिलं, ते रानात गेलं. हे त्यानं स्वतःच लिहिलंय, लपवलं नाही. पण मी चाळीस वर्षं ते पुस्तक वाचतोय, आणि त्या गाठोड्यापाशी एकदाही थांबलो नाही. काल रात्री ती ट्रंक बघितली तेव्हासुद्धा मला थोरोच आठवला. गाठोडं नाही आठवलं.”

थोरोवर दोष ठेवावा म्हणून हे सांगत नाही. त्याने रोख पैसे मोजले, विकणाऱ्याने राजीखुशीने घेतले. तरीही एक गोष्ट उरते. त्याच फळ्या एकाला आयुष्य होत्या आणि दुसऱ्याला प्रयोग. प्रयोग करणाऱ्याला वाटेल तेव्हा गावात परतता येत होते. मजूर कोठे गेला ते आपल्याला ठाऊक नाही. खोपटातले दोन दिवस आम्हाला गोड लागले, कारण रविवारी संध्याकाळी आम्ही तेथून उठणार होतो. ज्याला उठता येत नाही त्याला ‘भाग्यवान’ म्हणणे हे आमचे अज्ञान नव्हते, तो आमचा उद्धटपणा होता. हौसेने पत्करलेला साधेपणा चांगला; तो माणसाला हलका करतो. परंतु हौसेचा साधेपणा आणि नाइलाजाचा साधेपणा दिसायला अगदी एक असतात, आणि पहिल्याने दुसऱ्याचे गुणगान करू लागावे यासारखी सोपी चूक नाही.

येथे आपल्या घरचीच एक गोष्ट आठवते. तुकोबाराय एकांतासाठी देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. त्या एकांताची थोरवी आपण सांगतोच. पण त्या डोंगरावर भाकरी कोण नेत असे? जिजाई. परंपरेत अशी कथा सांगतात की एकदा भर उन्हात डोंगर चढताना तिच्या पायात काटा मोडला, आणि तो काढावयास साक्षात पांडुरंग आला. ही कथा आपण भक्ताच्या घरच्यांवरील देवाची माया म्हणून ऐकतो. त्या सकाळी ती आम्हाला निराळी ऐकू आली. देव वर जाऊन, एकांतात बसलेल्याच्या शेजारी बसला नाही. भाकरी घेऊन चढणारीच्या पायाशी वाकला. ज्यांनी ही कथा सांगत सांगत आपल्यापर्यंत आणली त्यांना ठाऊक असले पाहिजे की प्रत्येक एकांताखाली कोणाचे तरी पाय भाजत असतात. संतांचा एकांत आपल्या विरंगुळ्याशी तोलू नये, हे खरे; पण काटा दोन्हीकडे सारखाच बोचतो.

असो. वादातून एवढे ठरले की आज रात्री मावशींनी गोठ्यात निजता कामा नये. वकील म्हणाला, “मग सोपं आहे. दुपारीच निघू.” आम्ही तसे बाबांना सांगितले. आमची कल्पना अशी की त्यांना हायसे वाटेल. बाबांचा चेहरा उतरला. “आमचं काय चुकलं? जेवान बरं न्हवतं का?” मावशी चुलीपासून उठून दारात आल्या. आज कोजागरी म्हणून त्यांनी पलीकडच्या वाडीतून दूध सांगून ठेवले होते. मालकांच्या हुकमाने खोली सोडली होती, पण दूध त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून सांगितले नव्हते.

तेव्हा आम्हाला दुसरी बाजू दिसली, आणि ती पहिलीपेक्षा अवघड होती. शतपथ ब्राह्मणात असे सांगितले आहे की माणूस जन्मतःच ऋणी असतो. देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. पहिली तीन ऋणे आपल्या तोंडी असतात, चौथे आपण विसरतो. माणसांचे ऋण फिटते ते त्यांना आसरा देऊन आणि खाऊ घालून. आता पाहा, त्या घरात हे ऋण फेडीत कोण होते? ज्यांच्याकडे एक खोली आणि चार शेळ्या, ते. आम्ही त्यांच्या देण्याची दया येऊन ते परत ढकलू लागलो, तर त्यांच्यापाशी जी एक श्रीमंती होती, पाहुण्याला काही देण्याची, तीही आम्ही काढून घेतली असती. खोली घेतली ही एक हानी. आदरातिथ्य झिडकारले असते तर ती दुसरी, आणि कदाचित मोठी. उपकाराची टोचणी जावी म्हणून घाईने पळ काढणे यात समोरच्याचा विचार थोडा आणि स्वतःच्या मनाची सोय फार.

वाट काढली ती दुकानदाराने. शिकलेले तिघे तत्त्वाचा कीस काढीत होतो, तो म्हणाला, “बाबा, आज कोजागरी. आम्हाला चांदण्यात जागायचंय. खोलीत कोण बसतो आज? मावशींना आत निजू द्या, नाहीतर मांजर शिरेल. आणि मचाण मी कधी बघितलं नाही. आज पाळी आमची.” हे खोटे नव्हते, जागायची हौस आम्हाला होतीच. बाबा थोडे अडखळले, मग खुलले. मागणारे आम्ही झालो आणि देणारे ते राहिले, म्हणून ते जमले. देणाऱ्याचा हात वर ठेवून त्याचा भार कमी करणे, ही एक कला आहे, आणि ती आम्हाला त्या दिवशी गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने शिकवली.

दुपारी बाबा आम्हाला पाण्याच्या काठी घेऊन गेले. फार सुंदर जागा; निळे पाणी, पलीकडे डोंगर. वकिलाने फोटो काढायला फोन वर धरला तेव्हा बाबा सहज म्हणाले, “आमच्या आज्याचं घर ह्याच पान्यात हाय.” आम्ही फोन खाली घेतले. विजेसाठी येथे धरण बांधू लागले तेव्हा १९२१ साली सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी यांनी मावळातल्या शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रह केला होता. १९२४ पर्यंत तो चालला. धरण थांबले नाही. वीज मुंबईला गेली आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. आता त्याच पाण्याच्या काठी शहरातली माणसे शीण घालवायला येतात. बाबांच्या बोलण्यात राग नव्हता. पाणी कोठपर्यंत होते आणि आंब्याचे झाड कोठे होते, ते त्यांनी हात करून दाखवले, इतकेच. मुंबई-पुण्यात दिवा लावणारा प्रत्येक जण काही मुळशीचा अपराधी नव्हे. पण आपल्या सुखाच्या तळाशी काय आहे हे एकदा तरी वाकून पाहावे. न पाहता ‘काय देखावा!’ म्हणणे बरे नव्हे.

रात्री अंगणात दूध आटवले. वेलदोडे आणि चारोळी आम्ही पुण्याहून नेली होती. सहा जणांनी एका ओळीत बसून ते घेतले. मावशी आधी ‘मागनं घेते’ म्हणाल्या, पण वकिलाने त्यांची हरकत फेटाळली. दहाच्या सुमारास बाबा आणि मावशी आपल्या खोलीत निजायला गेले आणि आम्ही दोघे-दोघे पाळीने मचाणावर. आमच्या पहाऱ्याची कीर्ती सांगावी अशी नाही. डुकरे येतील या भीतीने आम्ही डबा इतका बडवला की बाबा दोनदा उठून आले. “आवो, डुक्कर आल्यावर वाजवायचं! सारी रात न्हाय!” तेव्हा बाबांना झोप किती मिळाली, देव जाणे. पण मावशी सकाळपर्यंत उठल्या नाहीत.

कोजागरीला लक्ष्मी मध्यरात्री फिरते आणि ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, ‘को जागर्ति?’, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही त्या वाड्यापाड्यांकडे पाहत मचाणावर बसलो तेव्हा वाटले, या प्रश्नाचे उत्तर शोधावयास तिला फार हिंडावे लागत नसेल. शेत राखणारा जागा असतो. रुग्णाच्या उशाशी बसलेली बाई जागी असते. रुळावर कंदील घेऊन फिरणारा जागा असतो. त्यांच्या जागण्यावर बाकीचे निजतात. लक्ष्मी त्यांच्याकडे फारशी थांबलेली दिसत नाही. तो हिशेब तिने आपल्याकडे सोपवला असावा.

रविवारी निघताना एक पेच उरला. मालकांना सांगावे, तर वकिलाच्या मते बाबांचीच नोकरी जायची: ‘पाहुण्यांकडे रडगाणं गायलास’ म्हणून. न सांगावे, तर पुढच्या आठवड्याला दुसरे चौघे येणार आणि मावशी पुन्हा पेंढ्यावर. दुसऱ्याच्या कैवाराने आपण शूर होतो आणि मार त्याला बसतो, असे जगात पुष्कळ घडते. म्हणून दुकानदाराने पुण्याला आल्यावर मालकांना एवढेच सांगितले, “तुमची डावीकडची खोली आम्हाला फार आवडली. पुढच्या वेळी ती द्या, पाचशे जास्त घ्या, आणि पाहुण्यांच्या पाठीमागं बाबांना काही वेगळं देत जा. जेवण फार छान करतात.” मालक माणूस वाईट नव्हता. त्यालाही कोणी गोठ्याकडे नेऊन दाखवले नव्हते. पुढच्या साली गेलो तेव्हा डावी खोली उघडी होती, तीत गाद्या होत्या, आणि मावशी आपल्या खोलीत निजत होत्या. त्यांचा खोकला मात्र होताच. त्याला आम्ही पुण्याहून औषध नेले. बरे वाटले म्हणाल्या.

हे सारे कशासाठी लिहिले? कोणी विश्रांतीला जाऊ नये असे सांगण्यासाठी खास नव्हे. जावे, मित्रांबरोबर जावे, शरदात जावे. मन निवळते, अढ्या सुटतात. फक्त जेथे उतरू तेथे, पाठ टेकण्यापूर्वी, घराच्या मागच्या बाजूला एक फेरी मारून यावे. खोली कोणाची आहे ते विचारावे. रात्री जागे कोण राहणार आहे ते विचारावे. पैसे द्यावेत ते ज्याच्या हातून सुख मिळाले त्याच्या हातापर्यंत पोचतील असे द्यावेत, आणि पैसे दिले म्हणजे फिटले असे समजू नये. हाताला जमेल ते काम करावे. ते नीट होणार नाही, यजमान हसतील, हसू द्यावे. आणि त्यांनी प्रेमाने काही पुढे केले तर संकोच न करता घ्यावे. घेणेही माणसाला आले पाहिजे.

आम्हाला त्या दोन रात्रींत मिळून चार तास झोप मिळाली असेल. तरी चौघेही घरी परतलो ते हलके होऊन. सोमवारी सकाळी आमच्या घरी काम करणाऱ्या बाई नेहमीप्रमाणे सातला आल्या. त्या इतकी वर्षे येत आहेत. त्या किती वाजता उठतात, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा विचारले.

“चारला,” त्या म्हणाल्या, आणि का विचारता म्हणून आमच्याकडे पाहत राहिल्या.